पिवळा दिवा

"अ‍ॅक्सिलरेटर दाबला की उचलतच नाही रे. मागून कुणी शर्ट धरून ओढल्यासारखं करते. आणि मीटरवर तो इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा पण लागलाय."

मामाचा हा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसात होतो. त्याची व्हॅन २०१४ची, सीएनजी किट बसवलेली. पहाटे साडेचारला वाईच्या बेकरीतून पाव, खारी, टोस्ट भरायचे, पसरणी घाट चढायचा, सातच्या आत पाचगणीतल्या दुकानांत माल टाकायचा आणि उतरताना मिळाली तर सवारी घ्यायची, असा त्याचा रोजचा दिवस. माझ्या इंजिनिअरिंगची दोन वर्षांची फी या व्हॅनने भरलीय. त्यामुळे शनिवारी मी वाईला निघालो तेव्हा खिशात एक वस्तू घेऊनच निघालो. काडेपेटीएवढी डबी, ऑनलाइन सहाशे रुपयांना मिळालेली. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये ती खोचायची, ब्लूटूथने फोनला जोडायची, की गाडीच्या पोटातलं सगळं स्क्रीनवर.

स्क्रीनवर आलं 'पी०१७१'. अर्थ असा की मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त. मी पाच मिनिटं नेटवर शोधलं, दोन-तीन जणांनी ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगितलेलं दिसलं, आणि मी मामाला ठासून सांगितलं, "सेन्सर गेलाय." ४,८०० रुपये गेले. झटके तसेच. पुढच्या आठवड्यात नवा कोड आला, 'पी०३००', म्हणजे मिसफायर. एका गॅरेजवाल्याने प्लग आणि कॉइल बदलल्या. ७,२०० रुपये. झटके तसेच. तिसऱ्या खेपेला तोच म्हणाला, "सायलेन्सरमधला कन्व्हर्टर चोक झालाय. पस्तीस हजार धरून चाला."

मामा मला एका शब्दाने बोलला नाही. "बघू," एवढंच म्हणाला. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री झोप लागेना. कोड तर गाडीनेच दिला होता, मग तो चुकला कसा? हा दिवा नेमकं काय सांगतो, आणि मुळात तो गाडीत बसवला कुणी? वाचत गेलो तसा मी थेट ऐंशी वर्षांपूर्वीच्या लॉस एंजेलिसमध्ये जाऊन पोचलो.

कारखाना बंद केला, धुरकं राहिलं

२६ जुलै १९४३. दुसरं महायुद्ध चालू होतं. लॉस एंजेलिस शहरावर सकाळी एक करड्या-तपकिरी रंगाची चादर उतरली. लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, घसे खवखवले, दोन-तीन गल्ल्यांपलीकडचं दिसेना. पर्ल हार्बरवर हल्ला होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. जपान्यांनी विषारी वायू सोडला असावा, अशी भीती पसरली.

वायुहल्ला नाही हे लवकरच कळलं. मग संशय गेला शहराच्या मध्यात, अलिसो स्ट्रीटवर असलेल्या एका कारखान्याकडे. तिथे कृत्रिम रबरासाठी लागणारं ब्युटाडाईन तयार व्हायचं. कारखाना नवा होता, वास मारायचा आणि डोळ्यांसमोर होता. लोकांनी आरडाओरडा केला, कारखाना काही काळ बंद ठेवला गेला. धुरकं मात्र येतच राहिलं.

मी ऑक्सिजन सेन्सर बदलला तेव्हा नेमकं हेच केलं होतं. जे समोर दिसलं, ज्याचं नाव पुढे आलं, ते बदललं. या शहराने निदान एक गोष्ट बरी केली. कारखाना बंद असतानाही धुरकं आलं, हे त्यांनी लक्षात ठेवलं. 'हा नाही' एवढं तरी पक्कं झालं.

खरा गुन्हेगार शोधणारा माणूस मोटारींच्या क्षेत्रातला नव्हताच. आरी हाखेन-स्मिट हा हॉलंडमध्ये जन्मलेला रसायनशास्त्रज्ञ. कॅलटेक या संस्थेत तो वनस्पतींमधल्या वासाच्या आणि चवीच्या द्रव्यांवर काम करायचा. अननसाला अननसाचा वास कशाने येतो, हा त्याचा अभ्यासविषय. फळाभोवतीची हवा थंड करून त्यातले वासाचे कण गोळा करायचं तंत्र त्याच्या हातात होतं. तेच तंत्र त्याने बाहेरच्या धुरकट हवेवर वापरलं.

त्यातून जे निष्पन्न झालं ते त्या काळात विचित्र वाटणारं होतं. हे धुरकं कुठल्याही एका धुराड्यातून तयार होऊन बाहेर पडतच नव्हतं. गाड्यांच्या आणि रिफायनरींच्या वाफांमधले हायड्रोकार्बन, जळताना तयार होणारे नायट्रोजनचे ऑक्साइड आणि वरून कॅलिफोर्नियाचं लख्ख ऊन, या तिघांची हवेतच प्रक्रिया होऊन ओझोन तयार होत होता. ओझोनने रबराला तडे जातात. हाखेन-स्मिटने वाकवलेल्या रबराच्या पट्ट्या हवेत ठेवून त्यांना किती वेळात तडे जातात, यावरून ओझोनचा अंदाज घेतला. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने हे मांडलं तेव्हा तेलउद्योगाच्या पैशावर चालणाऱ्या संशोधकांनी त्याला खोडून काढायचा प्रयत्न केला. लॉस एंजेलिस काउंटीचे एक लोकप्रतिनिधी केनेथ हान मोटार कंपन्यांना पत्रं लिहून विचारत राहिले की धुराचं काय करताय. १९५३मध्ये फोर्डकडून आलेल्या उत्तराचा आशय असा होता की गाडीतून निघणारा धूर हवेत चटकन विरून जातो, त्याने काही प्रदूषण होत नाही.

पुढे १९६९मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने मोटार कंपन्यांवर खटला भरला. धूर कमी करणारी यंत्रं बाजारात यायला उशीर व्हावा म्हणून कंपन्यांनी आपापसांत संगनमत केलं, असा आरोप होता. खटला तडजोडीत मिटला. या दोन तारखांमधली सोळा वर्षं ध्यानात ठेवा. गाडीवर तिचाच एक साक्षीदार बसवावा लागला, याचं मूळ त्या सोळा वर्षांत आहे.

इंजिनाला नाक आलं

१९६७मध्ये कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळ नेमलं, कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्ड, म्हणजे कार्ब. त्याचा पहिला अध्यक्ष हाच हाखेन-स्मिट. १९७०मध्ये अमेरिकेने क्लीन एअर कायदा कडक केला आणि गाड्यांच्या धुरातले मुख्य विषारी घटक तब्बल ९० टक्क्यांनी कमी करायला सांगितलं. १९७५च्या मॉडेलांपासून तिथल्या गाड्यांच्या धुराच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दिसायला लागला. धूर त्यातून जाताना प्लॅटिनमसारख्या धातूंच्या थरावर त्यातल्या घातक वायूंचं रूपांतर होतं. पेट्रोलमधलं शिसं या थराला मारून टाकतं, म्हणून कन्व्हर्टरबरोबर बिनशिशाचं पेट्रोलही आलं.

पण कन्व्हर्टर फार नाजूक खाणारा. हायड्रोकार्बन, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या तिघांनाही एकाच वेळी आवरायचं, तर मिश्रण जवळजवळ अचूक हवं: एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा. कार्बोरेटरला हे जमणं अवघड. तो म्हणजे अंदाजाने मीठ टाकणारा आचारी. चाखून बघायची सोय त्याच्याकडे नाही.

चाखायची सोय केली ती बॉशच्या लॅम्डा सेन्सरने. आपण ज्याला ऑक्सिजन सेन्सर म्हणतो तो हाच. आकाराने स्पार्क प्लगसारखा, टोकाला झिर्कोनियाची टोपी. धुरात ऑक्सिजन उरला आहे की नाही, यावर त्याचं व्होल्टेज खालीवर होतं. १९७६मध्ये अमेरिकेसाठीच्या व्होल्व्हो गाड्यांत तो पहिल्यांदा बसला. इंजिनाला नाक आलं असं म्हणा. नाकाला वास आला की कॉम्प्युटरने पेट्रोल कमी-जास्त करायचं, पुन्हा वास घ्यायचा, पुन्हा दुरुस्त करायचं, सेकंदाला एकदा किंवा त्याहून जास्त वेळा. मामाच्या व्हॅनमध्येही हेच चालतं.

आता कॉम्प्युटर आलाच आहे, तर त्याला काय दिसतं तेही विचारता येईल, ही कल्पना त्याच काळातली. १९८१पासून जनरल मोटर्सने आपल्या अमेरिकेतल्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत हा कॉम्प्युटर बसवला. डॅशखालच्या बारा पिनांच्या सॉकेटमधल्या दोन पिना जोडायच्या. पुष्कळ मेकॅनिक त्यासाठी कागदाला लावायची यू-पिन वापरायचे. मग 'चेक इंजिन'चा दिवा डोळे मिचकावायला लागायचा. एकदा लागला, थांबला, दोनदा लागला: कोड १२. म्हणजे यंत्रणा शुद्धीवर आहे. मग पुढचे कोड, असेच मोजून घ्यायचे. फोनवर कोड वाचणाऱ्या आपल्या पिढीच्या आधी माणसं दिव्याची उघडझाप मोजत वहीत आकडे लिहायची.

पण प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. एकीचा २१ म्हणजे दुसरीचा २१ नव्हे. सॉकेट वेगळं, जागा वेगळी.

दिवा कुणासाठी?

कार्बला वेगळीच चिंता होती. गाडी कारखान्यातून निघते तेव्हा धुराची परीक्षा पास होते. पाच वर्षांनी तिचा कन्व्हर्टर मेला तर? गाडी पळतच राहते, मालकाला काही जाणवत नाही, आणि हवेत मात्र पहिल्यासारखंच विष. रस्त्यावरच्या लाखो गाड्यांमागे रोज कोण नळी लावून फिरणार? मग कार्बने ठरवलं की गाडीने स्वतःच स्वतःवर लक्ष ठेवावं. १९८८च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियात हे सक्तीचं झालं. त्याला नाव पडलं ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स, ओबीडी. ही पहिली आवृत्ती ढोबळ होती. दुसरी, म्हणजे ओबीडी-२, १९९४पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १९९६पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींना लागू झाली. सोळा पिनांचं एकच सॉकेट, कोडची एकच लिपी.

ही लिपी वाचायला सोपी आहे. पहिलं अक्षर 'पी' म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा भाग. पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान असलेला कोड, एक असेल तर त्या कंपनीचा खासगी. तिसरा आकडा विभाग सांगतो: १ किंवा २ असेल तर हवा-पेट्रोलचं माप, ३ म्हणजे ठिणगी आणि मिसफायर, ४ म्हणजे धूर आवरणारी साधनं. शेवटचे दोन आकडे नेमकी तक्रार. 'पी०३०१' म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. 'पी०३००' म्हणजे मिसफायर आहे, पण अमुकच सिलिंडरमध्ये असं नाही.

दिवा कधी लागावा, याचेही नियम आहेत. अमेरिकेतल्या मूळ नियमांत बऱ्याच दोषांसाठी कसोटी अशी होती की धूर ठरलेल्या मर्यादेच्या दीडपटीवर जाईल इतका बिघाड झाला की दिवा लागला पाहिजे. एकदाच काही विचित्र दिसलं तर कॉम्प्युटर बहुधा गप्प राहतो. पुढच्या फेरीतही तेच दिसलं तर दिवा लावतो. दिवा लुकलुकायला लागला तर मात्र गाडी हळू घ्यावी, कारण न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो भाजून निघतोय.

इथे मला माझी चूक दिसली. दुरुस्तीला मदत व्हावी हाही ओबीडीचा हेतू होताच, पण दिव्याचा पहिला प्रश्न हवेचा आहे. 'या गाडीचा धूर बिघडतोय का?' हे तो बघतो. 'कुठला पार्ट बदलू?' हे त्याला कुणी विचारलेलंच नाही. 'पी०१७१' हे आजाराचं नाव नव्हे. ती कॉम्प्युटरची तक्रार आहे: "मी पेट्रोल वाढवत चाललोय, वाढवत चाललोय, माझी वाढवायची हद्द संपली, तरी धुरात ऑक्सिजन उरतोच आहे." पेट्रोल कमी येत असेल, कुठून तरी चोरून हवा आत शिरत असेल, हवा मोजणारा सेन्सर खोटं सांगत असेल, काहीही असू शकतं. आणि मी काय केलं, तर ज्या नाकाने ही बातमी दिली तेच कापून नवं बसवलं.

प्लगच्या रंगापासून ओबीडीपर्यंत

आपल्याकडे हा दिवा बराच उशिरा आला. १९८४मध्ये मारुतीची व्हॅन बाजारात आली, ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन घेऊन. १९८८मध्ये तिचं नाव ओम्नी झालं. शाळेची मुलं, रुग्णवाहिका, लग्नाचं वऱ्हाड आणि हिंदी सिनेमातली अपहरणं, सगळं तिने वाहिलं. त्या काळात ना कोड होते, ना सॉकेट. मिस्त्री प्लग काढायचा आणि टोकाचा रंग बघायचा. काजळीसारखा काळा म्हणजे पेट्रोल जास्त. पांढराफटक म्हणजे कमी. विटकरी असेल तर मिश्रण बरोबर. बघायला गेलं तर लॅम्डा सेन्सर जे सेकंदासेकंदाला करतो तेच मिस्त्री महिन्याकाठी एकदा डोळ्यांनी करत होता. बाकी आवाज, वास आणि 'मिसिंग करतेय', 'पिकअप नाही', 'जेटमध्ये कचरा आलाय' ही गॅरेजची भाषा.

मग १९९५मध्ये चार महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल आणि नव्या मोटारींना कन्व्हर्टर आला. २०००पर्यंत शिसं देशभरातल्या पेट्रोलमधून गेलं. एम. सी. मेहता यांनी १९८५मध्ये दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९९९मध्ये दिल्ली परिसरासाठी युरोपीय धाटणीचे धुराचे निकष लावायला सांगितले, आणि त्या रेट्याने कार्बोरेटर हळूहळू संपत गेला. भारत स्टेज ४बरोबर एप्रिल २०१०पासून ओबीडीची पहिली पायरी आणि एप्रिल २०१३पासून दुसरी. मामाची व्हॅन २०१४ची, म्हणून तिच्यात ते सोळा पिनांचं सॉकेट आहे. लॉस एंजेलिसमधल्या त्या सकाळीनंतर सत्तर वर्षांनी तो दिवा पसरणी घाटात पोचला.

पण दिवा पोचला म्हणजे त्याची भाषा सगळ्यांना मिळाली असं नाही. समान कोड कुणीही वाचू शकतो. कंपनीचे खासगी कोड, दुरुस्तीची पुस्तकं, स्कॅनर हे मात्र अधिकृत सर्व्हिस सेंटरपाशीच राहायचे. २०१४च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने एका ग्राहकाच्या तक्रारीवरून १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणं, हा त्यातला एक मोठा मुद्दा होता. कंपन्या अपिलात गेल्या. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२मध्ये याच प्रश्नावर कायदा केला होता. हवेच्या रक्षणासाठी बसवलेला साक्षीदार कुणाशी बोलणार, यावर दोन्हीकडे भांडण झालं.

एक दार मागच्या बाजूने उघडलं. कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्स या छोट्या कंपनीने ईएलएम३२७ नावाची चिप काढली. गाडीच्या कॉम्प्युटरची भाषा ती साध्या अक्षरांत आणून द्यायची. पहिल्या आवृत्तीत नक्कल रोखणारं कुलूपच लावलं नव्हतं. झालं, जगभर नकला निघाल्या. माझ्या खिशातली सहाशे रुपयांची डबी त्याच खानदानातली.

प्रयोगशाळेत शहाणी, रस्त्यावर वेगळी

कोडवर किती भरवसा ठेवावा, याचा सगळ्यात मोठा धडा २०१५मध्ये मिळाला. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या अमेरिकेच्या चाचणीत स्वच्छ ठरत होत्या, दिवे विझलेले होते. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी धूर मोजायची यंत्रं डिकीत ठेवली आणि गाड्या खऱ्या रस्त्यावर पळवल्या. तिथे नायट्रोजनचे ऑक्साइड मर्यादेच्या कित्येक पट निघाले. गाडीतलं सॉफ्टवेअर परीक्षा चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागत होतं. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हे सॉफ्टवेअर असल्याचं कंपनीने कबूल केलं.

त्या संशोधकांनी केलं काय? प्रयोगशाळा आणि रस्ता या एकत्र मिसळलेल्या गोष्टी वेगळ्या केल्या. गाडी तीच, इंधन तेच, फक्त परिस्थिती बदलली आणि काय बदलतं ते पाहिलं. हाखेन-स्मिटनेही तेच केलं होतं. हे वाचेपर्यंत पहाटेचे तीन वाजले होते, आणि आपण मामाच्या व्हॅनबाबत काहीच वेगळं करून पाहिलेलं नाही, हे मला कळलं होतं. फक्त वेगळं काय करायचं, ते कळत नव्हतं.

परत घाटात

ते कळलं साताऱ्याच्या रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे. मामा त्यांना ओम्नीच्या काळापासून ओळखतो. मला वाटलं होतं, आता हे बॉनेट उघडून कान लावणार. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. चहा मागवला.

"झटके कधी देते?"

"घाटात," मामा म्हणाला.

"गावात?"

"अजिबात नाही."

"घाटात गॅसवर चालवता का पेट्रोलवर?"

"पेट्रोलवर. गॅसवर दम कमी पडतो ना, मिस्त्री. लोड असतो."

"आणि गावात?"

"गॅसवरच. परवडतं ते."

मिस्त्री माझ्याकडे वळले. "मग झटके घाटाचे का पेट्रोलचे, हे तुम्हाला अजून ठाऊकच नाही की."

मी गप्प बसलो. इतके दिवस 'घाटात झटके देते' हे वाक्य आम्ही सगळे म्हणत होतो, त्यात पेट्रोल दडलेलं कुणालाच दिसलं नव्हतं.

आम्ही तिघं पसरणी घाटाला लागलो. पहिली वळणं गॅसवर. व्हॅन धापा टाकत चढली, पण एकही झटका नाही. मिस्त्रींनी बटण दाबून पेट्रोलवर टाकली. दुसऱ्याच चढाला शर्ट ओढल्यासारखा झटका, मग आणखी एक. मिस्त्री बोटं मोजायला लागले. "ठिणगी कमजोर असती, तर गॅसवर आधी मार खाल्ला असता. गॅसला पेटवायला जास्त जोर लागतो. कन्व्हर्टर चोक असता, तर धूर गॅसचा असो का पेट्रोलचा, कोंडलाच असता. दोघंही सुटले."

पस्तीस हजार वाचले होते. फक्त गाडी थांबवून बटण दाबल्याने.

मग त्यांनी मला चकित केलं. "तुमच्या मोबाइलवर ते प्लस-मायनसचे टक्के दिसतात का? फ्युएल ट्रिम?" मी ते पान उघडलं. गाडी उभी असताना, पेट्रोलवर, अधिक सहा. चढाला अधिक पंचवीस. "चोरटी हवा कुठून शिरत असती, तर उलटं झालं असतं," मिस्त्री म्हणाले. "उभ्या गाडीला जास्त, पळताना कमी. ही मागते तेव्हा हिला पेट्रोल मिळत नाही." त्यांच्या टपरीत स्कॅनर होता, माझ्या डबीपेक्षा कितीतरी चांगला. त्यांनी तो शेवटी वापरला, मी पहिल्यांदा वापरला, एवढाच फरक.

गॅरेजात परतल्यावर पेट्रोलच्या लाइनला प्रेशर गेज लावला. उभ्या गाडीला काटा ठीक, रेस केली की पडायचा. टाकी खाली उतरवली. पंपाच्या तळाशी असलेली जाळी काळ्या चिखलाने बुजलेली होती. गॅस स्वस्त म्हणून मामा टाकीत जेमतेम दोन-तीन लिटर पेट्रोल ठेवायचा. वर्षानुवर्षं तळातलाच गाळ पंप ओढत होता. सुरू व्हायला आणि गावात दोन मिनिटं चालायला पेट्रोल पुरत होतं, घाटात मागणी वाढली की अडत होतं. अर्धपोटी इंजिनाने मधूनच जळायचं चुकवलं की त्याचा 'पी०३००'. दोन्ही कोड खरे होते. ज्याला मी काढून टाकलं तो सेन्सर तर शेवटपर्यंत खरं बोलत होता.

जाळी आणि टाकी साफ करायचे मिळून १,६०० रुपये झाले.

"कोड पुसून टाकू?" मी फोन काढत विचारलं.

मिस्त्री नको म्हणाले. "पुसला तर दिवा तुम्ही घालवलात. राहू द्या. चार-पाच दिवस घाट पेट्रोलवरच चढा, मालक, अर्धी टाकी भरून. लागोपाठ तीन फेऱ्या तिला सगळं नीट दिसलं की ती स्वतःच विझवेल. तेव्हा खरं."

मी पुण्याला परतलो. सोमवार, मंगळवार काही नाही. मीही विचारलं नाही. गुरुवारी सकाळी सव्वासातला फोन वाजला. मागे पाचगणीच्या बाजारातला आवाज, शटर वर जाताना होतो तसा.

"गेला बघ दिवा," मामा म्हणाला. "टेबल लँडच्या फाट्यावर. मी बघतच होतो." मग थोडं थांबून, "तुझी ती डबी गाडीतच राहिलीय. असू दे का?"

"असू दे," मी म्हटलं. "पण कोड आला, तर आधी मिस्त्रींना फोन कर. मग मला."